सुट्या भागांची सोयरीक

जांब समर्थ हे रामदास स्वामींचं जन्मगाव, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण परतीच्या पावसात घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या पांदणीतून आंबिया बहराची मोसंबी बाहेर काढून पाहिली, की काळी माती काय चीज आहे तेही कळतं. या मातीतल्या स्मेक्टाइट खनिजाच्या थरांत पाणी शिरलं की थर फुगतात. चिखल टायरच्या नक्षीत असा बसतो, की टायरचा गुळगुळीत रूळ होतो. रिकाम्या पिकअपची तर पंचाईतच. ओढायचं मागच्या चाकांनी आणि इंजिनाचं वजन पुढे. म्हणून जाणता ड्रायव्हर मागे चार पोती माती टाकतो.

त्या पोत्यांत भौतिकशास्त्र आहे. चाकाची पकड म्हणजे त्याच्यावरचं वजन गुणिले घर्षणांक. समजा १६०० किलोच्या गाडीत मागच्या चाकांवर ७०० किलो भार आहे आणि चिखलाचा घर्षणांक ०.३. मागची चाकं जास्तीत जास्त २१० किलोची ओढ देतील. चारही चाकं ओढू लागली तर ४८०. अर्थात, डिफरन्शिअल एका एक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं, त्यामुळे एक चाक हवेत गरगरलं की दुसरंही लुळं पडतं. फोर बाय फोर फसतच नाही, हे फक्त जाहिरातीत.

पण नवी फोर बाय फोर घेणं परवडत नाही, आणि दारात दोन मेलेल्या पिकअप उभ्या असतात. एकीचं इंजिन बसलेलं, दुसरीची चासी गंजलेली. दोन्हींतलं चांगलं तेवढं घेऊन एक गाडी उभी करायचा मोह कुणालाही होईल. माझ्या मते खरी फसगत इथेच होते. चांगले भाग निवडणं सोपं असतं, एकमेकांना मानवणारे निवडणं अवघड.

एक्सलमधले क्राऊन आणि पिनियन हे दोन गिअर घ्या. कारखान्यात या दोघांचे दात एकमेकांवर घासून जोडी लावलेली असते, पुढे ते झिजतातही एकमेकांच्या साथीने. एकीचा क्राऊन धडधाकट म्हणून दुसरीच्या पिनियनला लावला, तर आधी कुरकुर ऐकू येते आणि काही दिवसांनी दात तेलात सापडतात. ही जोडी फोडायची नाही. नव्या हाउसिंगमध्ये बसवतानाही दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मध्यावर उमटतो का, ते पाहायचं.

त्याहून छुपी गफलत गुणोत्तराची, म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या एक्सलचं गुणोत्तर होतं ४.८८, युद्धानंतरच्या नागरी सीजे-२ए जीपचं ५.३८. बाहेरून दोन्ही सख्खे भाऊ. पण पुढे पहिला आणि मागे दुसरा लावला, तर मागचं चाक १०० फेरे घेईपर्यंत पुढचं ११० घेऊ पाहतं. पुढच्या-मागच्या एक्सलकडे ओढ वाटणाऱ्या ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे भांडण कुणीच सोडत नाही. चिखलात चाकं घसरून तो ताण सुटतो. डांबरावर तो साठत जातो, लिव्हर अडकतो आणि शेवटी सर्वांत दुबळा भाग तुटतो. म्हणूनच दात मोजल्याशिवाय एक्सल उचलू नये. पुढे जुने टायर आणि मागे नवे लावणं हाही याच भांडणाचा धाकटा अवतार.

शाफ्टच्या टोकाला गॅरेजात ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात, त्याचं गणित गमतीचं आहे. सांधा २० अंशांत वाकला, की शाफ्ट एकसारखा फिरत असूनही पलीकडचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा तेवढाच घटतो. दुसऱ्या टोकाचा सांधा हा हिसका फेडतो, पण दोन्ही फोर्क एका प्रतलात आणि दोन्ही कोन सारखे असतील तरच. कापून पुन्हा वेल्डिंग केलेला शाफ्ट जरा तिरका बसला, की सगळी गाडी थरथरते आणि दोष बिचाऱ्या बेअरिंगला मिळतो.

एक्सलवरचे बारीक तडे शोधायची जुनी युक्ती आजही तेवढीच चांगली. भाग रॉकेलमध्ये भिजवायचा, पुसून कोरडा करायचा, वर खडूची भुकटी फासायची. तडा असेल तिथे रॉकेल झिरपून ओली रेघ उमटते. एवढी खटपट का करायची? एकामागोमाग एक काम करणारे दहा भाग प्रत्येकी ९५ टक्के भरवशाचे असले, तरी अख्ख्या साखळीचा भरवसा ६० टक्क्यांवरच येतो.

सुटे भाग जुळवून गाडी उभी करणं तसं नवं नाही. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावर जीप बांधल्या, त्यांचे भाग एकमेकींना चालत. १९४९मध्ये मुंबईत माझगावला विलीजचे सुटे संच जोडून महिंद्रांच्या जीप तयार होऊ लागल्या. लष्कराने मोडीत काढलेल्या जीपांपासून पुढे हरियाणातल्या मंडी डबवालीत जीप बांधणीचा धंदाच उभा राहिला. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने २०२१मध्ये भंगारातून छोटी चारचाकी केली, किक मारून सुरू होणारी. आनंद महिंद्रांनी कौतुक करून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं.

नियम म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बसणार नाही असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. इंजिन बदलायलाही आरटीओची परवानगी लागते. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतून, एकाच चासी नंबरवर एक गाडी करणं कायद्यालाही सोपं आणि क्राऊन-पिनियनलाही. उरलेलं लोखंड जालन्याच्या भट्टीत जातं, तिथे भंगार वितळवून सळया होतात. फक्त भंगारवाला दारात येण्याआधी त्या ढिगातल्या एक्सलचे दात एकदा मोजून घ्यावेत.