मराठी कशात लिहावं? आधी फाइल टिकली पाहिजे

बेंगळुरूहून मी पुन्हा तुमच्यासमोर आहे. गेल्या काही महिन्यांत बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला: "कर्नलसाहेब, आठवणी लिहायच्या आहेत, पण कॉम्प्युटरवर कशात लिहू?" आजचा भाग त्या प्रश्नावर.

आमच्या सोसायटीत निम्मी मुलं सॉफ्टवेअरमधली. त्यांच्यात 'व्हिम' चांगला की 'ईमॅक्स', हा वाद अजून चालतो. जुनं भांडण आहे ते! ही दोन्ही साधनं प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी उत्तम. पण त्यांच्या काळ्या टर्मिनल खिडकीत प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन असतो. आपली काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं त्या चौकोनात नीट बसत नाहीत. म्हणून तो वाद त्यांच्याकडेच राहू द्या. आपला प्रश्न वेगळा आहे: आज लिहिलेलं मराठी वीस वर्षांनी, दुसऱ्याच्या मशीनवर उघडेल का?

हा प्रश्न मी का विचारतो, ते सांगतो. माझा एक सहकारी सियाचीनमध्ये राहून आलेला. निवृत्तीनंतर त्याने दीडशे पानं आठवणी लिहिल्या, २००१ मध्ये गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या आणि सीडीत जपून ठेवल्या. तो गेल्यावर त्याच्या मुलाचा मला फोन आला, "काका, बाबांची फाइल उघडते, पण मराठी दिसतच नाही. नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत." हस्तलिखित वह्या घर बदलताना गेल्या होत्या. उरली होती ती एवढी सीडी.

फाइल खराब झालेली नव्हती. त्या काळची पद्धतच तशी होती. फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खाने. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले: इथे अर्धा क, तिथे काना, पलीकडे रफार. फाइलमध्ये साठायचे इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. पडद्यावर मराठी 'रंगवण्याचं' काम फॉन्टचं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आपल्या बेंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचं आयएसएम, या साधनांवर मराठी छपाईची एक पिढी उभी राहिली, त्यांचे उपकार मोठे. पण ज्याचा त्याचा नकाशा वेगळा. तो फॉन्ट मशीनवर नसेल, तर उरतं ते सांकेतिक भाषेसारखं काहीतरी, आणि कोडबुक हरवलेलं.

त्या मुलाला मी सांगितलं, वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेव आणि वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव वाच. मशीनवर फॉन्ट नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. नाव कळल्यावर त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर शोधला. बराचसा मजकूर परत आला. उरलेल्या चुका, बहुतेक ऱ्हस्व वेलांटीच्या आणि रफाराच्या, आम्ही दोघांनी फोनवर वाचून काढल्या. त्याला तीन महिने लागले. तुमच्याही कपाटात अशी सीडी असेल, तर हे काम याच वर्षी करा. सीडी कायमची टिकत नाही आणि तो मजकूर ओळखणारी माणसंही नाहीत.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीला स्वतःचे १२८ खाने मिळाले आणि त्यांची मांडणी आपल्या भारतीय 'इस्की' संकेतावर आधारलेली आहे. आता 'क' चा क्रमांक जगात कुठेही 'क' चाच. फॉन्ट बदलला तर वळण बदलेल, अक्षर बदलणार नाही. शिवाय मजकुरात शब्द शोधता येतो. जागेची काळजी नको: एक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणजे तीन लाख चिन्हांचं अख्खं पुस्तक एका एमबीच्या आत बसतं.

आता कीबोर्ड. माझी पसंती इनस्क्रिप्टला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरून के दाबलं की ख. एच वर प, शिफ्टने फ. डी म्हणजे हलन्त, त्याने जोडाक्षर होतं. उच्चाराच्या क्रमानेच टाइप करायचं. 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी. टाइपरायटरवर हात बसलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण तिथे वेलांटी आधी मारायची सवय असते. रोज अर्धा तास बसा, महिन्याभरात बोटांना सवय होते.

आणखी एक फायदा, खास आपल्यासारख्या परराज्यात राहणाऱ्यांसाठी. भारतीय लिप्यांत इनस्क्रिप्टच्या जागा सारख्याच आहेत. मराठीचा क ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचा क. मराठी टाइप करता करता मी कन्नडही टाइप करायला लागलो. आता सोसायटीची कन्नड सूचना मीच काढतो.

ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे, त्यांनी फोनेटिक खुशाल वापरावं. फक्त एक परीक्षा घ्या: त्यात 'ऱ्य' नीट उमटतो का? 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. 'दऱ्या ओलांडल्या' लिहायचं आणि 'दर्या' उमटला, तर पायदळाचं नौदल होतं! इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, मग डी, मग य, की झालं काम.

फोनवर बोलून टाइप करण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये मराठीला दिली. ज्यांची बोटं थरथरतात त्यांच्यासाठी हे वरदान. मात्र माणसांची, गावांची नावं आणि लष्करी शब्द नंतर एकेक तपासा.

माझी पद्धत थोडक्यात सांगतो.

१. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा. विंडोज आणि स्पेस या दोन कळा एकत्र दाबल्या की कीबोर्ड बदलतो.

२. पहिला मसुदा साध्या नोटपॅडमध्ये. तिथे रंग नाही, सजावट नाही, लक्ष मजकुरावर राहतं. जतन करताना यूटीएफ-८ निवडलंय ना, ते पाहा.

३. फाइलच्या नावात तारीख. रोज नवी प्रत, जुनी पुसायची नाही.

४. मांडणी शेवटी, लिब्रेऑफिस रायटरमध्ये. ते फुकट आहे.

५. प्रती तीन: मशीनवर, पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. शक्य असेल तर कागदावरही एक.

६. पुस्तक छपाईला देताना छापखान्याकडून युनिकोड मजकूर परत मागा. नुसत्या पीडीएफवर समाधान मानू नका.

साधन तुमच्या आवडीचं घ्या, त्यावर माझा हुकूम नाही. फक्त लिहायला बसण्याआधी एक पान टाइप करा, ते दुसऱ्या शहरातल्या कुणाला तरी पाठवा आणि विचारा, "वाचता येतंय का?" हो म्हणाले, की पुढचं पान लिहायला घ्या.

पुढच्या भागात जुनी पत्रं आणि फोटो स्कॅन कसे करावेत ते पाहू. तोवर, जय हिंद, जय महाराष्ट्र.