तडकणाऱ्या दगडाची कुजबूज

कांचेच्या पेल्यांत उकळता चहा एकदम ओतला असतां 'टक्' असा आवाज होतो आणि पाहतों तों कांठापासून बुडापर्यंत तडा गेलेला असतो. असा प्रसंग बहुतेक घरांत एकदां तरी घडलेला असेल. पेल्याबद्दल हळहळणें साहजिकच आहे. परंतु आज आम्ही वाचकांचें लक्ष त्या आवाजाकडे वेधूं इच्छितों, कारण तशाच आवाजावर कित्येक मनुष्यांचे प्राण अवलंबून राहिलेले आहेत.

पेल्याची आंतली बाजू तापून फुगूं पाहते, बाहेरची थंडच असते, आणि ह्या ओढाताणींत ताणलेल्या धनुष्याप्रमाणें कांचेंत शक्ति सांठते. तांब्याचा गडवा चेपतो, वांकतो. ठिसूळ पदार्थास ती सोय नाहीं. १९२० च्या सुमारास ग्रिफिथ नामक इंग्रज संशोधकानें दाखविलें कीं, कांचेंत डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा मुळांतच असतात. भेग वाढल्यानें मोकळी होणारी शक्ति नवे पृष्ठभाग निर्माण करण्यास लागणाऱ्या शक्तीहून अधिक झाली, कीं ती भेग आवरत नाहीं. कांचेंत ती सेकंदास सुमारें दीड किलोमीटर वेगानें धांवूं शकते. उरलेल्या शक्तीचा कांहीं भाग स्थितिस्थापक लहरींच्या रूपानें चोहोंकडे पसरतो. त्यांतील ज्या लहरी हवेंतून आपल्यापर्यंत पोंचतात, तोच तो 'टक्'. पुष्कळ लहरींचीं कंपनें इतकीं जलद असतात कीं, त्यांस मनुष्याचा कान बहिराच आहे.

हाच प्रकार प्रचंड ओझ्याखालीं दबलेल्या खडकांत घडला म्हणजे काय होतें, हें कोलारच्या सोन्याच्या खाणींनीं पाहिलें आहे. म्हैसूर संस्थानांतील, म्हणजे आतांच्या कर्नाटकांतील, ह्या खाणी १८८० नंतर जॉन टेलर अँड सन्स ह्या कंपनीनें हातीं घेतल्या. त्यांपैकीं चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरांहूनहि खोल गेली. इतक्या खोलीवर दगड खणून काढला कीं, त्यानें तोललेला भार शेजारच्या खडकावर पडतो. खडक सोसवेल तोंवर सोसतो, आणि एके क्षणीं बंदुकीच्या बारासारखा फुटून त्याचे तुकडे बोगद्यांत फेंकले जातात. ह्यास खाणवाले 'रॉक-बर्स्ट' म्हणत. मोठ्या स्फोटाचा हादरा वर वस्तींतल्या घरांनाहि बसे. अशा वेळीं खालीं कोणत्या पाळीचीं माणसें आहेत, हा प्रश्न घरोघरीं प्रथम उठत असेल, हें सांगावयास नको.

खडकाची तडतड ऐकून मागें सरणें हें खाणकामगारांचें जुनें शहाणपण. पुढें १९३८ च्या सुमारास अमेरिकन सरकारच्या खाण-खात्यांतील ऑबर्ट हे खाणींतील दगडी खांबांतून लहरी किती वेगानें जातात तें मोजीत असतां यंत्रांत भलतेच ठोके येऊं लागले. शोध करतां आढळलें कीं, ते ठोके खुद्द खडकच देत होता! असे यंत्रांचे कान पुढें कोलारलाहि बसविण्यांत आले. लहर कोणत्या यंत्रास किती आधीं पोंचली ह्यावरून तडा कोठें गेला तें गणितानें काढतां येतें, आणि जेथें ठोके दाटूं लागतात तेथून माणसें हलवितां येतात. १९८८ सालीं तेथें राष्ट्रीय शिला-यांत्रिकी संस्थाहि निघाली. खाणी मात्र २००१ सालीं बंद झाल्या.

ह्या कुजबुजीवर सर्वस्वीं विसंबावें, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. कधीं खडक पुष्कळ तडतडून आपोआप शांत होतो, तर कधीं विशेष सूचना न देतांच फुटतो.

म्यूनिकच्या कायसर यांनीं १९५० सालीं एक मौज नोंदविली. पदार्थावर एकदां भार घालून काढून घेतला, तर पुन्हां तेवढा भार येईपर्यंत तो बहुधा मुकाट राहतो. पूर्वींची मर्यादा ओलांडतांच बोलूं लागतो. दाबाच्या टाक्यांची परीक्षा घेतांना आज ह्याचा उपयोग होतो.

वाचक विचारतील कीं, मग ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची वर्दी अशीच मिळाली नसती काय? लहरी त्याच जातीच्या. पण खाणींतील खांबाभोंवतीं यंत्रें मांडतां येतात, आणि कोयनेचा तडा कित्येक किलोमीटर खोल खडकांत गेला. तेथील खडक जवळून अभ्यासतां यावा म्हणून त्या प्रदेशांत २०१७ पर्यंत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें. त्याचें काम कऱ्हाडच्या प्रयोगशाळेंतून चालतें.