मिळालेलं तारण हातचं जातं का?

पापक्षमा मिळालेला ख्रिस्ती माणूस पुढं घसरला, तर त्याचं तारण जातं का? योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचून धीर येतो, इब्री लोकांस पत्राचा सहावा वाचून धडकी भरते. नेदरलँड्समध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये हा प्रश्न खुला ठेवला. डॉर्ड्रेख्टच्या धर्मपरिषदेनं (1618-19) मात्र निक्षून सांगितलं, की देवानं निवडलेल्यांना तो शेवटपर्यंत सोडत नाही.

म्हणून पाप हलकं ठरलं, असं मुळीच नाही. हे फार वेळा नजरेआड होतं. परिषदेच्या ठरावात दावीद आणि पेत्र यांच्या पतनाचा नावानिशी उल्लेख आहे. एकानं उरियाची बायको घेऊन त्याला रणात मारवलं, दुसऱ्यानं कोंबडा आरवण्याआधी तीनदा येशूला नाकारलं. अशा पापानं देवाच्या कृपेची जाणीवही काही काळ हरपू शकते, असं ठराव बजावतो. परतीची वाट खऱ्या पश्चात्तापातूनच जाते.

कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेनं 1547 मध्येच वेगळी भूमिका घेतली होती. गंभीर पापानं कृपा जाते, प्रायश्चित्त संस्कारानं ती पुन्हा मिळते. प्रोटेस्टंट असूनही जॉन वेस्लीनं तारण गमावता येतं असंच शिकवलं.