पाळीचे दुखणे आतड्यात शिरते तेव्हा



आज ज्या दुखण्याविषयी बोलायचे आहे त्याचे नाव खेड्यात सहसा ऐकू येत नाही. दुखणे मात्र आपल्याच घरात असू शकते.

समजा, घोडेगावच्या पश्चिमेकडील एखाद्या वाडीतील बाई आहे. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात कळा येतात, तशा पुष्कळजणींना येतात. पण हिला परसाकडे बसले की आतून सुरी फिरवल्यासारखे होते. पोट फुगते, कधी शौचाला साफ होत नाही, तर कधी जुलाब होतात. पाळी सरली की सारे शांत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ती ओवा खाऊन पाहते, जंताचे औषध घेते. कुणी मूळव्याध म्हणते, तर कुणी म्हणते, “बाईच्या जन्माला आलीस, सोसायलाच हवं.” अशी वर्षे जातात.

हे सारे एका रोगामुळे होत असण्याचा संभव आहे. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या, म्हणजे आपण ज्याला पिशवी म्हणतो तिच्या, आतल्या बाजूला एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते जाड होते व पाळीवाटे बाहेर पडते. या रोगात तशाच प्रकारचे अस्तर पिशवीच्या बाहेर रुजते. शेतातले बी बांधावर उगवावे तसे! महिन्याच्या चक्राबरोबर तेही सुजते, त्यातूनही रक्त झिरपते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग दाह होतो, वण धरतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळीच्या वयातील दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला हा रोग असतो. त्यांपैकी काहीजणींच्या आतड्यापर्यंत तो पोचतो. बहुधा मलाशयाला व त्याच्या वरच्या वळणाला.

आता प्रश्न असा, की हे ओळखायचे कसे? पुष्कळांना वाटते, गुदद्वारातून दुर्बीण घातली की आतडे स्वच्छ दिसेल. पण येथेच फसगत होते. हा रोग आतड्याच्या बाहेरून आत शिरतो. तो स्नायूच्या थरात गाठ करतो आणि आतली त्वचा पुष्कळदा शाबूत राहते. घराच्या भिंतीला बाहेरून ओल लागली, तरी आतल्या गिलाव्यावर डाग दिसेलच असे नाही. म्हणून दुर्बिणीचा अहवाल निर्दोष आला, तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. साध्या क्ष-किरण फोटोतही ही गाठ ओळखता येत नाही.

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडायचा आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटवायचे, असे हे तंत्र आहे. शिवनेरीच्या कड्याशी हाक मारली की ती परत येते, तोच न्याय! ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी धातूतील भेगा शोधण्याच्या यंत्रावरून प्रेरणा घेऊन पोटातील गाठी तपासल्या आणि १९५८ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. तेथून हे तंत्र वाढले.

मात्र पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ही गाठ पुष्कळदा निसटते, कारण ती खोल असते. योनिमार्गातून बारीक नळीसारखे उपकरण ठेवून तपासले, तर मलाशय अगदी जवळ येते. निरोगी आतड्याच्या स्नायूचा थर पडद्यावर बारीक काळ्या रेघेसारखा दिसतो. रोग असेल तेथे ती रेघ जाड व ओबडधोबड होते. शिवाय डॉक्टर हलकेच दाब देऊन पाहतात. पिशवी व मलाशय निरोगी असतील, तर ओल्या पाटावरून हात सरकावा तसे ते एकमेकांवरून सरकतात. चिकटले असतील, तर सरकत नाहीत. अविवाहित मुलीची तपासणी या मार्गाने सहसा करीत नाहीत. तिच्यासाठी दुसरे उपाय आहेत, त्यांपैकी एक म्हणजे एम.आर.आय.

जुन्नरकरांना हे यंत्र समजायला अवघड जाऊ नये. खोडदला आणि आसपासच्या गावांत जी तीस महाकाय तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, ती आकाशातल्या हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपू शकते. विज्ञान दिनाला शाळेची मुले घेऊन गेलेल्या गुरुजींनी ती पाहिलीच असेल. आपल्या शरीरातही पाणी व चरबी यांच्या रूपाने हायड्रोजन भरपूर आहे. एम.आर.आय. यंत्रात मोठे चुंबक असते. त्यात निजलेल्या माणसाच्या शरीरात रेडिओ लहरी सोडल्या की हायड्रोजनचे अणुकेंद्र उलट लहरी देतात आणि त्यांवरून चित्र तयार होते. गाठ किती लांब आहे, एक आहे की अनेक, मूत्रनलिकेपर्यंत रोग गेला आहे काय, हे त्यात कळू शकते. चुंबकामुळे मंगळसूत्र, जोडवी काढून ठेवावी लागतात. शरीरात हृदयाचे यंत्र किंवा धातूचा तुकडा असेल, तर आधी सांगावे. यंत्राचा आवाज मोठा येतो, त्याला भिऊ नये. सोनोग्राफी व एम.आर.आय. या दोहोंत क्ष-किरण नसतात.

पूर्वी पोटात दुर्बीण घालून प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय या रोगाचे निदान पक्के मानीत नसत. युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत हा आग्रह सोडला. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहान किंवा वरवरचा रोग चित्रात दिसेलच असे नाही, आणि चित्र वाचणारा डॉक्टर सरावाचा हवा. म्हणून अहवाल चांगला आला आणि दुखणे मात्र चालूच राहिले, तर “काही नाही, मनाचे खेळ” म्हणून बाईला गप्प बसवू नये.

निदानाची एवढी घाई कशाला, असे कुणी विचारील. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे आपणांस आठवत असेल. आतड्यावर रोग असताना नुसती पिशवी काढली, तर रोगाची गाठ जागच्या जागीच राहते! पुष्कळजणींना संप्रेरकांच्या गोळ्यांनी आराम पडतो. शस्त्रक्रिया करायचीच झाली, तर आतड्याचा सर्जन जोडीला हवा, आणि तशी तयारी चित्र आधी पाहिले तरच करता येते.

तेव्हा करायचे काय? भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तीन महिने खुणा कराव्या: पाळी कधी आली, शौचाच्या वेळी कधी दुखले, रक्त पडले काय. ती दिनदर्शिका घेऊन मंचर किंवा जुन्नरच्या सरकारी रुग्णालयात जावे. पुढे पुण्याला पाठवले, तर आतड्याच्या रोगाचा संशय आहे असे चिठ्ठीवर लिहून मागावे. तपासणाऱ्याला काय शोधायचे ते कळते. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, पोट गच्च होऊन उलट्या होणे यांची कारणे दुसरीही असतात, त्यांना वेळ लावू नये.

सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण, अशी आपल्याकडे समजूत आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, १९९४ साली देशाचा कायदा झाला. तेव्हापासून त्या यंत्राभोवती धाक आणि कुजबूज दोन्ही आहेत. त्यामुळे लग्नाच्या मुलीला तेथे न्यायला आईचे पाय अडखळतात. पण ते यंत्र पोटातले दुखणेही दाखवते, हे गावात मोकळेपणी सांगितले पाहिजे.

हे काम शिक्षकांइतके चांगले कोण करील? एखादी मुलगी दर महिन्याला ठरावीक दोन दिवस गैरहजर राहते, हे हजेरीपटावर आधी तुम्हालाच दिसते. तिला शिक्षा करण्याअगोदर बाईंकरवी तिच्या आईची गाठ घ्यावी. एवढे झाले, तरी तिची सोसण्यात जाणारी वर्षे वाचतील.