निकी आणि जाँ : रंग आणि यंत्र

निकी द सँ फाल (१९३०–२००२) : फ्रेंच-अमेरिकन शिल्पकार. ‘नाना’ या तिच्या भरदार, रंगीबेरंगी, नाचऱ्या स्त्री-शिल्पांनी तिला जगभर ओळख दिली.

जाँ तँगली (१९२५–१९९१) : स्विस शिल्पकार. भंगारातली चाकं, मोटारी, लोखंड यांतून हलती शिल्पं घडवली. त्याचं एक यंत्र १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रेक्षकांसमोर स्वतःलाच मोडत गेलं.

विवाह : १९७१. पुढे दोघं वेगळे राहू लागले, तरी एकत्र काम करणं थांबलं नाही.

स्त्राविन्स्की कारंजं, पॅरिस (१९८३) : पॉम्पिदू केंद्राशेजारी पाण्यात फिरणारी १६ शिल्पं. काळी यंत्रं जाँची, रंगीत आकृती निकीच्या.

टॅरो उद्यान, तस्कनी (इटली) : निकीचं आयुष्यभराचं स्वप्न. टॅरोच्या २२ पत्त्यांवर आधारलेली शिल्पं. काहींचे पोलादी सांगाडे जाँने वेल्डिंग करून उभारले. निकी काही वर्षं ‘सम्राज्ञी’ या शिल्पाच्या पोटातच राहिली. खर्चासाठी तिने स्वतःच्या नावाचं अत्तर बाजारात आणलं. उद्यान १९९८ मध्ये खुलं झालं.

वारसा : जाँच्या निधनानंतर निकीने त्याची अनेक शिल्पं दान केली. त्यांतूनच बाझलमध्ये १९९६ साली तँगली संग्रहालय उभं राहिलं.