सोळा पिक्सेलांचे दशक

जपानच्या आस्की कंपनीने ‘आरपीजी मेकर २०००’ ही संगणकप्रणाली एप्रिल २००० मध्ये बाजारात आणली, त्याला आता पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत. रोल-प्लेइंग गेम म्हणजे खेळणाऱ्याने एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथेतून वाट काढत जाण्याचा खेळ; असा खेळ प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसालाही घरबसल्या रचता यावा, हा या प्रणालीचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधला. कथा आणि संवाद हौशी निर्मात्यापाशी असत. नसत ती चित्रे. ही उणीव लोकांनी कशी भरून काढली, हे आज पुन्हा पाहणे गरजेचे झाले आहे, कारण २०२२ पासून चार शब्दांच्या वर्णनावरून चित्र काढून देणाऱ्या यंत्रणा घरोघर पोचल्या आणि त्या खटपटीतून जे कमावले होते ते डोळ्यांदेखत ओसरू लागले.

१९९२ च्या ‘डान्ते ९८’ पासून १९९७ च्या ‘आरपीजी मेकर ९५’ पर्यंतचा काळ प्रामुख्याने जपानपुरता राहिला, त्यामुळे तिथे रेंगाळण्याचे कारण नाही. २००० च्या आवृत्तीचे अनधिकृत इंग्रजी रूपांतर मात्र हातोहात जगभर पसरले. अधिकृत इंग्रजी आवृत्तीला २०१५ साल उजाडावे लागले, आणि मधली पंधरा वर्षे जगभरच्या हौशी मंडळींनी त्या अनधिकृत प्रतीवरच काढली.

त्या प्रणालीत पडदा ३२० बाय २४० पिक्सेलांचा होता आणि कोणत्याही चित्रात २५६ च्या वर रंग चालत नसत. जमीन, भिंती, झाडे, पाणी यांचे तुकडे ज्या एका चित्रांच्या पटावर मांडलेले असतात त्याला टाइलसेट म्हणतात. इथे त्याला ‘चिपसेट’ म्हणत आणि त्यातला प्रत्येक तुकडा १६ बाय १६ पिक्सेलांचा असे. पात्रांचा पट म्हणजे ‘कॅरसेट’. २८८ बाय २५६ पिक्सेलांच्या त्या पटावर आठ पात्रे बसत आणि एकेका पात्राची २४ बाय ३२ मापाची बारा चित्रे लागत, कारण दिशा चार आणि प्रत्येक दिशेला चालण्याच्या तीन अवस्था, त्यातली मधली उभे राहण्याची. एवढ्याशा जागेत डोळ्याच्या वाट्याला एखाददुसरा पिक्सेल येई, आणि तो एका घराने सरकला तर रागावलेला राजा झोपाळू दिसू लागे.

चित्रे मिळवण्याचा सर्वांत रुळलेला मार्ग ‘रिप’ करण्याचा, म्हणजे व्यावसायिक खेळातून ती उचलण्याचा होता. सुपर निन्टेन्डोवरील ‘फायनल फँटसी ६’ किंवा ‘क्रोनो ट्रिगर’ यांसारख्या खेळांची चित्रे याच प्रमाणात काढलेली असल्याने ती फारशी ओढाताण न करता बसत. जुने यंत्र संगणकावर हुबेहूब चालवणाऱ्या झेडएसएनईएस या एम्युलेटरमध्ये अंकांच्या कळा दाबून पडद्यावरचे थर एकेक करून बंद करता येत. पार्श्वभूमी गेली की पात्र तेवढे उरे, मग पडद्याचे छायाचित्र घ्यायचे आणि ते पेंटमध्ये कापायचे. कायद्याच्या दृष्टीने हे उल्लंघनच होते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु असे खेळ बहुतांशी फुकट वाटले जात, आणि उचललेले चित्र क्वचितच जसेच्या तसे राही. एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसवून केलेल्या पात्राला ‘फ्रँकेनस्प्राइट’ म्हणत. असे पात्र जमवताना सावली कोणत्या बाजूने पडते, तीन छटांत कापडाची घडी कशी दाखवायची, दोन खेळांतले रंग एका रंगपटात कसे आणायचे, हे सारे हाताखालून जाई. अनेकांचे चित्रकलेचे पहिले शिक्षण असे झाले, आणि ते खरे शिक्षण होते.

दुसरा मार्ग जपानी हौशी चित्रकारांच्या वेबपानांचा होता. ही मंडळी आपली चित्रे मोफत देत आणि बदल्यात मागत ते फारच थोडे: खेळात नाव द्यावे, चित्रे आपली म्हणून पुन्हा वाटू नयेत. खेळासोबत जोडलेल्या ‘रीडमी’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये अशा नावांची यादी असे. ती वगळणाऱ्यांनी त्या चित्रकारांवर अन्याय केला आणि इतक्या वर्षांनंतरही तो तितकाच लाजिरवाणा आहे. प्रणालीसोबत येणाऱ्या तयार चित्रसंचाला, म्हणजे आरटीपीला, हात लावला की खेळ न उघडताच नाके मुरडणारे टीकाकारही त्या काळी कमी नव्हते. कथा लिहू पाहणाऱ्या कित्येक नवख्यांचा उत्साह त्या हेटाळणीने मोडला, आणि त्याचे श्रेय कोणी घेण्याजोगे नाही.

स्वतः चित्रे काढणाऱ्यांनी या चौकटीतून काय साधले, याची साक्ष २००४ चा ‘युमे निक्की’ आणि बेल्जियममध्ये तयार झालेला २००८ चा ‘ऑफ’ हे ‘आरपीजी मेकर २००३’ या पुढच्या आवृत्तीवरचे दोन खेळ देतात. पहिल्यातील स्वप्नांचे ओबडधोबड प्रदेश आणि दुसऱ्यातील पेन्सिलीने रेखाटलेले शत्रू कोणत्याही तयार संचातून निघाले नसते.

मराठीत खेळ करू पाहणाऱ्यापुढे आणखी एक भिंत होती. ही प्रणाली युनिकोड जाणत नव्हती, आणि विंडोजच्या जुन्या अक्षरव्यवस्थेत देवनागरीला स्थानच नव्हते. त्यामुळे मराठी संवाद दाखवायचा तर तो चित्र म्हणून घडवून ‘शो पिक्चर’ या आज्ञेने पडद्यावर आणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढच्या आवृत्त्यांनी चित्रांचा आकार वाढवला. ‘एक्सपी’मध्ये तुकडा ३२ बाय ३२ झाला, २०१५ च्या ‘एमव्ही’मध्ये ४८ बाय ४८, म्हणजे २५६ पिक्सेलांच्या जागी आधी १,०२४ आणि मग २,३०४ भरायचे आले. चित्र काढण्याऐवजी ते विकत घेण्याकडे हौशी माणूस वळला त्याचे मोठे कारण या गुणाकारात आहे. २००९ मध्ये सुरू झालेले ओपनगेमआर्ट हे संकेतस्थळ आणि २०१२ ची लिबरेटेड पिक्सेल कप ही स्पर्धा यांनी मुक्त परवान्याची चित्रे उपलब्ध करून दिली, हे उपकारच. पण मार्च २०१९ अखेर याहू जपानची जिओसिटीज ही संकेतस्थळसेवा बंद झाली आणि तिथे घर केलेली जपानी चित्रकारांची जुनी पाने तिच्यासोबत गेली. त्या नुकसानीची भरपाई झालेली नाही.

आता यंत्राने काढलेली चित्रे बाजारात भरली आहेत. ती पिक्सेलांची भासतात, पण जवळून पाहता बहुधा ठिपके जाळीवर बसत नाहीत, रंग मोजता येत नाहीत, आणि डावीकडे वळलेल्या पात्राचा पट्टा उजवीकडे वळताच वेगळा होतो. स्टीम या विक्रीमंचाने जानेवारी २०२४ मध्ये अशा वापराची कबुली देण्याची अट घातली, ती योग्यच आहे. परंतु ज्या असंख्य चित्रकारांच्या कामावर ही यंत्रे शिकली त्यांची नावे त्या कबुलीत नसतात. रिप करणाऱ्या पोराला चोर म्हणणारे आज या व्यापाराबद्दल गप्प आहेत, हे संतापजनक आहे.

ज्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर त्या दशकातले चित्रसंच अजून पडून असतील त्यांनी ते पुसू नयेत, आणि सोबतची रीडमी फाइल, निर्मात्याचे नाव व त्याने घातलेल्या अटी यांसह, त्या संचापासून कधीही वेगळी करू नये.