संग्रहालयातील शिक्षणविभागाचा उमेदवार

संग्रहालयाच्या शिक्षणविभागात उमेदवारी करणाऱ्या तरुणाला प्रथम एक मोह आवरावा लागतो. तो म्हणजे आपल्याला ठाऊक असलेले सर्व काही सांगून टाकण्याचा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहातील एका वस्तूचे उदाहरण घेऊ. मोहेंजोदडो येथे १९२६ साली सापडलेली ही कांस्यमूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. अख्खा वर्ग एकाच वेळी तिच्यासमोर उभा राहिला, तर मागच्या मुलांना ती दिसणारच नाही. म्हणून लहान गट पाडणे, हे उमेदवाराचे पहिले काम. दुसरे काम प्रश्न विचारण्याचे. तिचा उजवा हात कोठे टेकलेला आहे? बांगड्या कोणत्या हातात अधिक आहेत? मुले पाहू लागतात, मोजू लागतात. मग मेणाच्या प्रतिकृतीवर माती लिंपून, मेण वितळवून, त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत तो समजावून देतो.

खरी कसोटी यापुढे लागते. ही मूर्ती ‘नर्तकी’ म्हणून ओळखली जाते; परंतु ती नाचणारीच आहे, याला पुरावा नाही. तिच्या उभे राहण्याच्या ढबीवरून बांधलेला तो तर्क होय. कमरेवरचा हात दिसतो. नृत्य दिसत नाही. डोळ्यांना दिसलेले आणि मनाने मानलेले, यांतील हे अंतर मुलांच्या ध्यानी आणून देणे, हेच या विभागाचे प्रयोजन. अनेक मुलांची संग्रहालयाची ही पहिली आणि कदाचित शेवटचीही भेट असते. सनावळी ती विसरली, तरी नीट पाहून मगच मत बनविण्याची सवय त्यांना पुढे उपयोगी पडते.